एकदा टर्फवर खेळाचं हाय!

परवा टीव्हीवर मोठमोठे लोक चर्चा करून राह्यले होते, हॉकी जगभर काहून पसरत नाही म्हणून. आता बोला! मले इचारा ना भौ! मी आर्णीत पोरींले हॉकी शिकवतो. असे किस्से जमले हायेत का पोतं भरून खाली सांडून राह्यले. लोक आयकून हसतात, मले मात्र लाज वाटते.

आमची कॅप्टन पूनम. तिचं एकच म्हणणं, "सर, एकदा तरी टर्फवर खेळाचं हाय." टर्फ म्हणजे टीव्हीत दिसते ते निळं ग्राउंड. आमच्यासाठी ते विभागाच्या मॅचलेच भेटते. म्हणजे आधी जिल्हा जिंका!

*

बॉल आणाले वणीले गेलतो. हॉकी म्हटल्याबरोबर दुकानदारानं धडाधड स्टिका काढल्या. बॉल मागितला तं माह्या तोंडाकडंच पाहाले लागला.

"बॉल कोणी नेतच नाही, सर. स्टिका भांडणाले खपतात!"

वरून हळूच इचारते, "कोणाले बदडाचं हाय?"

*

सोयाबीन निघालं का गावभरचं आमच्याच ग्राउंडवर वाळते. पूनम एका आजीले म्हणे, "आजी, गोलपोस्टसमोरचं तरी सरकवा ना."

"कायले सरकवू? तुमी तसेबी पळताच, तं पायानं दाणे हलवत जा. बरोबर वाळते!"

अन् आमी हलवले बी. करता काय!

*

तरी पोरींनी जिल्हा मारला! सत्काराले एक पुढारी आले. भाषणात म्हणे, "पोरींनो, असेच सिक्सर मारत राहा!" बक्षीस काय दिलं? क्रिकेटची बॅट!

पूनम माह्याकडं पाहून राह्यली होती. मी खाली मान घालून टाळ्या वाजवल्या.

*

अन् एकदाचे विभागाच्या मॅचले पोचलो. समोर टर्फ! निळंशार, पाणी मारून चकाचक, सणाच्या दिवशीच्या आंगणासारखं. पूनमनं काठावर बसून त्याले हात लावून पाह्यला.

मी पुढं, पोरी मागं, असे आत शिरलो. तं समोरच्या टीमच्या पोरी फिदीफिदी हसाले लागल्या. वळून पाह्यलं, तं आमच्या साऱ्या पोरी अनवाणी! बूट काठावर लाइनीनं मांडून ठेवलेले. लाजेनं मेल्यासारखं झालं मले.

"काहून व? बूट कायले काढले?" मी खेकसलो.

पूनमनं माह्या पायाकडं पाह्यलं.

"तुमीच तं पह्यले काढले, सर!"