तुळजाने काढलेलं दार

गुरुवारी पहाटे सव्वापाच वाजता मी खोलीत बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. सहाची गाडी पकडून आवडी गावच्या फॅक्टरीत पोचायचं होतं. बाहेर आलो आणि पायरीवरच थबकलो...

अंगणभर एक मोठा कोलम काढलेला होता.

गावाकडच्या मंडळींना सांगतो, इकडे मद्रासला रोज पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडून त्यांच्याभोवती रेघ फिरवतात, तो कोलम. फक्त श्राद्धाच्या दिवशी दार कोरं ठेवायचं.

अंबत्तूरला ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहतो, ते तंजावरकडचे मराठी. आजी, त्यांचा मुलगा गोविंदराव आणि आठ वर्षांची नात तुळजा. तुळजाची आई गेल्या वर्षी वारली... आणि त्याच गुरुवारी तिचं वर्षश्राद्ध होतं.

तो कोलम मी ओळखला. तो पुस्तकातला होता!

इथल्या मराठी वाचनालयातून मी मुलांची एक कादंबरी आणली होती. तुळजा मराठी बोलते, पण शाळा तमिळ, त्यामुळे वाचता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी हात धुऊन मी तिला वाचून दाखवायचो. माझं शिक्षण नववीपर्यंत... वाचताना अडखळू नये म्हणून पुढचं प्रकरण आधी मनात वाचून ठेवायचो.

गोष्टीतल्या मुलाची आई वारलेली असते. तो गच्चीवर उभा राहून तेरा चांदण्या एका रेघेने जोडतो, बोट न उचलता. आकाशात दार उघडतं. पलीकडे उजेडाच्या नद्या, वाजणारी झाडं... आणि पाठमोरी बसलेली आई.

ती वळून बघते, इथवर आम्ही आलो होतो. शेवटचं प्रकरण मी एकट्याने वाचलं होतं. त्यात ती परत येत नाही. हे तुळजाला कसं वाचून दाखवायचं? कधी डोळे दुखतात म्हणालो, कधी रॉकेल संपलंय म्हणालो... आणि पुस्तक तसंच राहिलं.

तुळजा पायरीच्या कडेला बसली होती. कोपरापर्यंत पीठ. "अण्णा, बघा. तेराही ठिपके. एकदापण हात उचलला नाही."

खरंच, रेघ कुठेही तुटलेली नव्हती. तिने हळूच विचारलं, "आता आई येईल ना?"

मी काही बोलायच्या आत आजी सोवळ्यात बाहेर आल्या. "अय्यो! श्राद्धाच्या दिवशी कोलम? आणि हे माझं सोवळ्यातलं पीठ! पोरी, तुज काही अक्कल?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या (मला त्या तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ), "तंबी, तुमच्या त्या पुस्तकात हेच शिकवतात का?"

मी पायरीवरून बाजूला झालो. आजी आत जाऊन पाण्याची घागर घेऊन आल्या. तुळजा आडवी उभी राहिली. "नको आजी, दार मोडेल!" मागे गोविंदराव येऊन उभे होते. ते वर्षभर घरात कमीच बोलत.

आजींनी घागर कलती केली... आणि तशीच धरून राहिल्या.

पांढरी रेघ एका टोकाकडून काळी होत चालली होती. मुंग्या! अगदी बारीक, काळ्या. वळणावर वळत होत्या, ठिपक्यांना वळसा घालत होत्या, पण रेघ सोडत नव्हत्या. परतणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण. उजाडत होतं आणि तो सगळा कोलम जिवंत असल्यासारखा हलत होता... असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ओत ना, काय बघतेस?" गोविंदराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"जेवायला बसलेल्यांच्या पानावर पाणी ओतू? आजच्या दिवशी?" आजींनी घागर खाली ठेवली. "आज दारात आलेल्याला उठवायचं नसतं."

तुळजा जमिनीवर पालथी पडून बघत होती. मुंग्यांची रांग पायरीखालच्या फटीत शिरत होती, आत अंधारात. तिने फटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "अण्णा, इकडे कुणी येत नाही. आपलं दिलेलं तिकडे जातं."

गोविंदराव पांढऱ्या धोतरानिशी तिच्याशेजारी मातीत बसले. तिचा पिठाळलेला हात त्यांनी धरून ठेवला. रांग संपेपर्यंत कुणीच उठलं नाही... मीसुद्धा.

संध्याकाळी तुळजा स्वतः हात धुऊन पुस्तक घेऊन आली. मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. आई मुलाला घरी परत पाठवते, तिथे मी थांबलो. ती म्हणाली, "वाचा पुढे. मज ठाऊक आहे."

आता हिशेब. गाडी चुकली, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. पुस्तक उशिरा परत केलं, दंड बारा नये पैसे, भरला. पीठ माझ्या वाचनापायी गेलं म्हणून त्याचं देणं माझ्याकडे होतं. आजींपुढे रुपया ठेवला, तर त्यांनी तो परत सरकवला.

"ते श्राद्धाच्या खर्चात धरलं, तंबी. जेवून गेले ना सगळे."