जगदेवी ‘हाय’ म्हणाली

जगदेवीला पाटोद्यात लोक भांडकुदळ म्हणायचे. अजूनही म्हणतात, आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्या बाईला कुणी प्रश्न नीट विचारला नाही, तिनं उत्तर ओरडून दिलं तर ती भांडकुदळ. आणि तिच्या दारात सामान आणून टाकणारे मात्र सज्जन! मी तिच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. जे झालं ते माझ्यासमोर झालं. तेव्हा आता ऐका.

साल सत्त्याण्णव असेल. आमचा तमाशाचा फड व्हिडिओनं केव्हाच गिळला होता. ज्या राजापार्टाची एन्ट्री झाली की कडा गावच्या जत्रेत शिट्ट्यांनी तंबू हलायचा, तो मी आता ओट्यावर बसून शेंगा सोलत होतो. जगदेवी मला मामा म्हणायची. तिचा नवरा सिद्धेश्वर धाकट्या भावाबरोबर, उत्तरेश्वरबरोबर, बाजारातलं किराणा दुकान चालवायचा. साधा माणूस. समोरचा जे म्हणेल त्याला ‘बरं’ म्हणायचा.

भावांच्या वाटणीत रस्त्याकडची खोली सिद्धेश्वरकडं आली होती. तिथं पोती पडलेली असायची. जगदेवीनं ती पोती स्वतः ओढून बाहेर काढली, माहेरून आलेला टीव्ही मांडला, त्याला व्हिडिओ गेम जोडला आणि दारावर खडूनं ‘गेम’ असं लिहिलं. शाळा सुटली की पोरांची झुंबड उडायची. सासरी आल्यापासून त्या घरात तिनं आपल्या मनानं मांडलेली ती पहिली गोष्ट. त्या खोलीत ती उभी राहायची तीसुद्धा वेगळी. रंगमंच सापडलेल्या नटीसारखी.

उत्तरेश्वरला तीच खोली एसटीडी बूथसाठी हवी होती.

“वैनी, हो म्हणा की. फोनचा जमाना हाय.”

“न्हाई.”

“बरं. उद्या इचारतो.”

आणि खरंच दुसऱ्या दिवशी विचारायचा. हसून विचारायचा, ते जास्त वाईट. तिनं आवाज चढवला की तो रस्त्यावरच्या लोकांकडं बघून मान हलवायचा, ‘बघा बाबा आमच्या वैनी’ अशी. असल्या हसऱ्या खलनायकाला आम्ही फडात कधी काम दिलं नसतं. प्रेक्षकांनी खेटरं मारली असती.

त्याच दिवसांत बीडहून आलेल्या गेमच्या कॅसेटांमध्ये एक भलतीच निघाली. वर तलवारीचं चित्र होतं, म्हणून पोरांनी हौसेनं लावली आणि लगेच ओरडली, “मामी, ही बिघडलीय. हिच्यात नुसतं लिव्हलेलंच येतंय, ते बी जपानी!”

पोरांनी ती टाकून दिली. जगदेवीनं दुपारी सगळं शांत झाल्यावर तपासायला लावली आणि मला हाक मारली. “मामा, या. तुमच्या कामाचं दिसतंय. राजवाडा हाय.”

पडद्यावर एक एवढासा मोठ्या डोक्याचा गडी. उभा राहिला तरी जागच्या जागी पाय आपटत होता. मागं पेटीसारखा सूर. मला तर बरं वाटलं. कुणीतरी नांदी म्हणतंय असं. जगदेवी मात्र पहिल्यापासून चिडलेली.

“मामा, हा बघा. कुणाच्या बी घरात घुसतोय, रांजणात हात घालतोय, पेटी उघडतोय. अन् घरवाली नुसती बघत उभी! आमच्या घरात कुणी असा आला असता तर…”

“राजाचा माणूस असेल.”

“मग तर अजूनच.”

मग एका राक्षसाशी गाठ पडली. गड्यानं एक वार केला आणि शांत उभा राहिला. मग राक्षसानं एक वार केला. मग पुन्हा गड्याची पाळी.

“मार खायला उभा कावून राहतोय? पळ की मेल्या!”

“अगं, सवाल-जवाब आहे हा. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं ऐकून घ्यायचा, मग जवाब.”

“सवाल-जवाबात ढोलकी तरी असती.”

पुढं एका गावात दुकान लागलं. दुकानदार काहीतरी बोलला आणि चौकटीत दोन शब्द आले, एक वर, एक खाली. बाणाची खूण हलवून त्यातला एक निवडायचा. तिनं वरचा निवडला, ढाल मिळाली. पुन्हा जाऊन खालचा निवडला. दुकानदार गप्प बसला, गडी मोकळा झाला. एक अक्षर न वाचता तिनं सांगून टाकलं, “वरचं हो, खालचं न्हाई.” जन्म दुकानदाराच्या घरात गेलेला. जपानी लोक होकाराला ‘हाय’ म्हणतात, हे मला पुढं फार वर्षांनी कळलं. म्हणजे ते वरचं ‘हाय’च असणार, पाटोद्यात आपण ‘आहे’ला म्हणतो तसंच.

मग आला राजा. सिंहासनावर बसून पानभर बोलला आणि पुन्हा तेच दोन शब्द.

जगदेवीनं खालचा निवडला.

“अगं, राजा आहे.”

“असू दे. काय मागतोय ते कळल्याशिवाय हो कावून म्हणायचं?”

राजा पुन्हा बोलला. पुन्हा दोन शब्द. पुन्हा खालचा. राजा पुन्हा बोलला. जगदेवी पडद्याजवळ सरकली. “मामा, अक्षरं बघा. तीच हायत. हा शिंगासारखा, मग हा पाटासारखा. आधी बी हेच, आता बी हेच. हा बाबा एकच गोष्ट इचारतोय!”

ती नकार देत राहिली, राजा विचारत राहिला. गडी जागच्या जागी पाय आपटत राहिला. तिच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती. ती आता खेळत नव्हती. उत्तरेश्वर दारात उभा असला की ती जशी दिसायची तशी दिसत होती.

“ह्याला ‘न्हाई’ ऐकूच येत न्हाई का?”

मी म्हटलं, “जगदेवी, मी जन्मभर राजा झालो. समोरची बाई वाक्य विसरली की राजानं आपलंच वाक्य पुन्हा म्हणायचं. तिला आठवेपर्यंत म्हणायचं. दुसरं करणार काय? त्याला पुढचं वाक्य लिहून दिलेलं असतं ते तिच्या होकारानंतरचं.”

“पण ती विसरलेली न्हाई. तिला म्हणायचंच न्हाई. हे राजाला कळत न्हाई?”

“राजाला कळायची गरज नसते. समोर बसलेल्या लोकांना कळतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“शरणार्थ! हाय का वैनी?”

उत्तरेश्वर. त्यांच्यात रामरामाऐवजी शरणार्थ म्हणतात. मी खिडकीतून पाहिलं, बरोबर दोन माणसं होती. जगदेवीची नजर पुन्हा राजावर गेली होती. आपण घरात आहोत का, एवढंच तो विचारतोय असं तिला वाटलं. तिनं पडद्याकडं बघत सांगितलं, “हाय, हाय.”

उत्तरेश्वर आत आलाच नाही. पावलं निघून गेली. “आलते कशाला अन् गेले कशाला?” एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांनी दारात टेम्पो उभा राहिला. वर काचेची केबिन, पिवळ्या अक्षरात एसटीडी. हमाल दोर सोडत होते. उत्तरेश्वर खोलीच्या दाराचं माप घेत होता आणि सिद्धेश्वर त्याला फितीचं टोक धरून देत होता. हो, धरून देत होता! मला आजही त्या फितीचा राग येतो.

जगदेवी बाहेर आली. “हे काय?”

“केबिन. तुमीच हाय म्हणलात की वैनी.”

“मी? कवा?”

“परवा. मी इचारलं, हाय का वैनी, म्हंजी होकार हाय का. तुमी म्हणलात, हाय, हाय. दोनदा. हे दोघं साक्षीला हायत.”

ते दोघं माना डोलवू लागले. त्याला खरंच तसं वाटलं, की तसं वाटून घ्यायचं होतं, ते त्यालाच ठाऊक. मी ओट्यावरून राजापार्टाच्या आवाजात गरजलो, “अरे लबाडा, ती आत आहे का, असं विचारलंस तू!”

“मामा, तुमी गप बसा,” जगदेवी म्हणाली. “हे वाक्य तुमचं न्हाई.”

आमच्या फडात कुणी मला असं गप्प करू शकलं नव्हतं.

ती खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. समोरच्या तेलाच्या दुकानातली माणसं बाहेर आली, पिठाच्या गिरणीपुढच्या बाया थांबल्या.

“भावजी, आता इचारा. पुरं इचारा. समद्यांना ऐकू जाईल असं.”

“आता रस्त्यावर काय, वैनी…”

“इचारा!”

उत्तरेश्वर घसा खाकरून म्हणाला, “ही खोली बूथला देता का?”

“न्हाई.”

तो हसला. लोकांकडं बघून मान हलवली. कुणी हसलं नाही. “अवो, घरातलीच गोष्ट. देता का?”

“न्हाई.”

“दादा, तू तरी सांग की!”

सिद्धेश्वरच्या हातात फितीचं टोक तसंच होतं. तो ‘बरं’ म्हणणार, असं मला वाटलं. त्यानं जगदेवीकडं पाहिलं, मग भावाकडं. “तिला इचारतोस ना तू? मग ऐक की तिचं,” असं पुटपुटला आणि टोक सोडून दिलं. फीत सर्रकन उत्तरेश्वरच्या हातावर जाऊन आदळली.

“देता का न्हाई?” उत्तरेश्वर आता ओरडला. पहिल्यांदा त्याचं हसू गेलं.

“न्हाई.” ती मात्र ओरडली नाही.

टेम्पोवाला वैतागला. “ओ शेठ, उतरवायची का न्यायची? मला लिंबागणेशला माल टाकायचाय.”

उत्तरेश्वर केबिनीकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, “मग मी आता ही ठेवू कुठं?”

“ते मला कावून इचारता?” जगदेवी म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

केबिन त्याच संध्याकाळी बसली. उत्तरेश्वरच्या स्वतःच्या घराला रस्त्याकडं खोली होती की! तिथं त्याची बायको कडूबाई शिवणाचं यंत्र ठेवून बसायची. दुसऱ्या दिवशी मला ते यंत्र त्यांच्या मागच्या पडवीत, जळणाशेजारी दिसलं. तिला कुणी विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, तेही नाही.