यंदा पत्रे घासायचे नाहीत

होळी झाली की मी पत्र्यावर चढायची. आमचं घर भवानी पेठेत, खाली स्लॅबच्या दोन खोल्या आणि वर गच्चीवर एक खोली. तिच्यावर सिमेंटचे पन्हाळी पत्रे, सासऱ्यांनी घातलेले. सोलापूरच्या उन्हात ती खोली अशी तापते की भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यावर आमच्याकडचा उपाय एकच, पत्र्याला चुना फासायचा. पांढरा पत्रा कमी तापतो, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. पण नवा चुना धरायचा तर आधी जुना खरवडायला लागतो, आणि ते काम तारेच्या ब्रशचं.

ते काम मी कुणाला देत नसे. गडी लावला तर वरवर ब्रश फिरवतो आणि चहा मागतो. मी साडी खोचायची, डोक्याला टॉवेल बांधायची, पत्र्यावर फळी टाकायची आणि खसाखसा घासत सुटायची. पांढरा धुरळा उडायचा. खाली उतरले की भुवयासुद्धा पांढऱ्या. आमचे हे जिन्यात उभे राहून म्हणायचे, “आली बघा गिरणीतनं.” मी टॉवेल झटकायची, तोंड धुवायची आणि चहा टाकायची. गल्लीत माझ्याइतका पांढरा पत्रा कुणाचा नव्हता. उगीच कशाला खोटं बोलू, मला त्याचा माज होता.

गेल्या वर्षी तर तो पत्रा लखलखीतच करायचा होता, कारण लेक बाळंतपणाला येणार होती. पहिलं बाळंतपण, सातवा महिना लागलेला, ओटीभरण पुण्याला सासरी झालेलं. माझ्या वेळी माझी आई नव्हती. मी सासरीच बाळंत झाले आणि बाराव्या दिवशी भाकऱ्या थापायला बसले. कुणी छळलं वगैरे नाही, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं एवढंच. पण तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की माझ्या लेकीला सव्वा महिना पलंगावरून खाली पाय ठेवू द्यायचा नाही. शाळेच्या ऑफिसातली नोकरी संपली तेव्हापासून मी या एकाच गोष्टीची वाट बघत होते म्हणा ना.

वरची खोली तिला द्यायची होती. खाली सतत राबता, टीव्ही, येणारे-जाणारे. वर शांतता, मोरी स्वतंत्र. नव्या पेठेतनं झबली-टोपडी आणली, कूलर आणला, पाळण्याच्या कडीसाठी पत्र्याला भोक पाडायला मिस्त्रीला सांगून ठेवलं. आणि फोनवर लेकीला हे सगळं सांगून मोठ्या कौतुकानं म्हणाले, “उद्या पत्रे घासायला काढते.”

“आई, थांब. यंदा पत्रे घासायचे नाहीत.”

असलं ती दर होळीला म्हणायचीच, मी ऐकून घेत नसे. लेक इंजिनिअर आहे. जुन्या इमारती पाडायच्या की दुरुस्त करायच्या, ते तपासणाऱ्या ऑफिसात काम करते. ती म्हणाली की असल्या पत्र्यांत बळकटीसाठी बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. पत्रा धड असतो तोवर ते सिमेंटमध्ये धरलेले असतात. घासला, कापला, भोक पाडलं की सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर छातीत जातात आणि तिथंच बसतात. त्रास सुरू व्हायला वीस-तीस वर्षंसुद्धा लागतात. “मिस्त्रीला नको म्हणून सांग, ब्रश तर हातातही घेऊ नकोस. बाळ यायचंय घरात, आधी त्यात आहे का नाही ते तपासू.”

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. ज्या घरात लहानाची मोठी झाली, ते घर आता तपासायचं! “तू वाढलीस की इथंच,” मी म्हटलं, “काय झालं तुला?” ती म्हणाली, “चिडू नकोस गं. तपासू दे.” मी फोन ठेवला आणि यांना म्हणाले, “कळलं का? विहीणबाईंनी कान भरलेत. बाळंतपण पुण्याला करून घ्यायचंय त्यांना.” हे म्हणाले, “त्या बिचाऱ्यांचा काय संबंध?” त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ जास्त लागलं असणार, माझा इलाज नव्हता.

आता तपासायचं म्हणजे काय करायचं? हे निवृत्त विज्ञानशिक्षक. एरवी बल्ब बदलायला चार दिवस लावतात, पण प्रयोग म्हटला की अंगात येतं. गच्चीत पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून त्याच पत्र्याचा एक फुटका तुकडा पडलेला होता. माझी पाठ वळली तशी ह्यांनी तो खाली आणला, आणि मी स्वयंपाकघरात येते तर काय, चिमट्यात धरून गॅसवर न्यायला निघालेले! “जळला नाही की समजायचं, अ‍ॅस्बेस्टॉस आहे,” म्हणे. मी किंचाळलेच. “अहो, विटकर तरी जळते का? ठेवा तो खाली! हितं भाकऱ्या करते मी!” त्यांनी गुपचूप तुकडा पिंपावर नेऊन ठेवला. मी ओट्यावरून दोनदा ओलं फडकं फिरवलं आणि त्या दिवशी गॅसकडे त्यांना फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे मित्र आले. त्यांनी पत्र्यावर बोट वाजवलं, कान लावला आणि आवाजावरून ‘नाही’ असा निकाल दिला. मला तो निकाल फार आवडला. तरी खात्री असावी म्हणून मी रिक्षा करून अक्कलकोट रस्त्याला पत्र्यांच्या दुकानात गेले. दुकानदार गावाकडचा, मोकळा माणूस. मोबाइलमधला फोटो बघून हसायलाच लागला.

“ताई, फोटो बघून काय सांगू? हात लावून बी कळत न्हाय. आता बिनाअ‍ॅस्बेस्टॉसचं पत्रं येत्यात, दिसायला सेम टू सेम. पण तुमचं जुनं हाय म्हंजे असणारच की.”

“असणारच कशावरून?”

“तवा दुसरं मिळतच नव्हतं. पत्र्यावर छापलेलं असतंय बगा कंपनीचं, काय घातलंय ते. हाय का छाप?”

छाप कुठला असायला! असला तरी मीच घासून घासून घालवलेला. तोंडात मारल्यासारखी तिथनं निघाले. वाटेत वाटलं, हा तरी काय देवाचा अवतार आहे? लॅबचं काय ते बघू.

लेकीनं पुण्यातली लॅब शोधली होती. पत्रा कापायचा नाही, तोडायचा नाही, आधीच फुटलेला तुकडा असेल तर त्यातलाच अंगठ्याएवढा नमुना पाठवायचा. पिंपावरच्या झाकणाचं नशीब उघडलं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावून ती बसली आणि आम्ही दोघं गच्चीवर. वारा पडलेला असताना करायचं, हे तिनं बजावून सांगितलं होतं. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, हातांत मोजे, तोंडाला मास्क. साधा कापडी चालत नाही, नाकाला घट्ट बसणारा लागतो. ह्यांच्या मिशांमुळे तो बसेना. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही मागं व्हा, आई करेल.” ह्यांचा चेहरा असा पडला! पण मिशी काढायला काही तयार झाले नाहीत.

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले. तुकडा चिंब भिजवला, कारण ओल्यातनं धूळ उडत नाही. “अजून मार पाणी,” लेक सांगत होती, “अजून मार.” मग पकडीनं हलकेच एक कोपरा मोडला, तिथंही पुन्हा पाणी. नमुना एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर चिठ्ठी. पकड ओल्या फडक्यानं पुसली. फडकं, मोजे, मास्क, अंथरलेलं प्लॅस्टिक आणि उरलेलं झाकणसुद्धा ओलं करून जाड पिशव्यांत बांधलं. “झाडू मारायचा नाही हं, ओलं पुसायचं,” ती म्हणाली. जिन्यातनं शेजारच्या तेलुगू वहिनी डोकावून म्हणाल्या, “काय हो वहिनी, पूजा घातलीय काय?” मी मास्कमधनं काय उत्तर दिलं ते मलाच कळलं नाही.

मग कुरिअर झालं आणि वाट बघणं सुरू झालं. माझा सगळा जीव त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात. ‘नाही’ आलं की लेक माझ्याकडे, ‘आहे’ आलं की विहीणबाईंकडे, असा माझा सरळ हिशेब होता. डिंक, खारीक आणून ठेवली होती, पण लाडू वळायला हात धजेना. ह्यांनी एकदा सुचवलं, “पुण्याला तूच जाऊन राहा की तिच्याजवळ.” मी म्हटलं, “दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मी काय पाहुण्यासारखी बसू? माहेर म्हणजे माहेर.” आणि बोलता बोलता रडायला आलं.

रिपोर्ट एका सकाळी ह्यांच्या मेलवर आला. इंग्रजीत, तीन पानी. हे चष्मा पुसत वाचत बसले. मी म्हटलं, “अहो, शेवटचं वाचा आधी.” त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘क्रायसोटाइल’, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच एक प्रकार, सापडलंय असं लिहिलेलं होतं.

खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. मेल आमच्याकडे. लेकीनं विचारलं तर ‘नाही निघालं’ म्हणायला किती वेळ लागतो? पत्रे नाही घासले, कडी नाही लावली, की झालं. कोण बघतंय? एवढी वर्षं कुणाला काही झालं का? पातेलं घासता घासता मी पुरी गोष्ट रचून तयार केली. मग कूलरशेजारची ती झबली दिसली. एवढीशी, माझ्या तळहाताएवढी. मी हात पुसले आणि फोन लावला.

“निघालं,” मी म्हणाले.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “घाबरू नकोस. खोलीला कुलूप लाव, पत्र्याला हात लावू नका. आहेत तसे राहू देत. उतरवायचेच तर माहितगार माणसं बोलावू, ती ओले करून अख्खेच्या अख्खे उतरवतात. आपल्या मिस्त्रीला हातोडा घेऊन चढू देऊ नकोस.”

“बरं,” मी म्हटलं. “म्हणजे तू आता तिकडंच. हरकत नाही. विहीणबाईंना सांग, डिंकाचे लाडू मी पाठवते.”

“तिकडंच म्हणजे?”

“बाळंतपण गं.”

“अगं आई, मी येणारच आहे. खाली झोपेन की. टीव्ही बंद ठेवतील बाबा.”

मला काही कळेना. डोकंच फिरलं माझं. “मग महिनाभर माझा जीव का टांगलास? मास्क काय, मोजे काय, कुरिअर काय! तुला खालीच झोपायचं होतं तर तपासायचं कशाला होतं?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“दर वर्षी तारेचा ब्रश घेऊन वर कोण चढतं, आई? मी लहानपणी जिन्यात उभी राहून बघायचे, तू पांढरी होऊन खाली यायचीस आणि बाबा हसायचे. आम्ही सगळेच हसायचो. नोकरीला लागल्यावर हे पहिल्यांदा शिकले ना, तेव्हापासून मला ते आठवतंय. दर होळीला तुला नको म्हणून सांगायचे आणि तू ‘शहाणपणा शिकवू नकोस’ म्हणून फोन ठेवायचीस. बाळाचं नाव घेतल्याशिवाय तू ऐकली नसतीस.”

मी स्टुलावर बसले. वीस-तीस वर्षांनी, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी नातवंडाचं वय मोजलं होतं, लेकीचं मोजलं होतं. स्वतःचं मोजायचं सुचलंच नव्हतं.

“छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारची,” ती सांगत होती. “तू जाऊन आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. बाबांना बरोबर ने. काय काय केलंस, किती वर्षं केलंस, सगळं सांग त्यांना. लपवू नकोस.”

“मला काही होत नाही गं,” मी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“नसेलच. बघून आलीस की दोघी निर्धास्त होऊ.” मग ती एकदम रडायला लागली. आठव्या महिन्यातली पोर, आणि रडतेय माझ्यासाठी. “मला बाळंतपण तुझ्याकडे करायचंय, आई, पण त्याच्यानंतरही मला तू हवी आहेस. जाशील ना? हो म्हण आधी.”

“हो,” मी म्हटलं. “जाते.”