धाकटीचं प्लास्टर

माझी धाकटी बहीण कवळ्या बनवते आणि तिचा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे मी, चार महिने तोंडाचं बोळकं घेऊन फिरत होतो. हसा खुशाल. मला हसू येत नव्हतं. मुलगी पाच वर्षांनी घरी येणार होती आणि तिच्यासमोर मला असं उभं राहायचं नव्हतं.

दातांच्या डॉक्टरांनी दोनदा माझ्या जबड्याचं माप घेऊन बहिणीकडे पाठवलं. ते ओलं असतानाच त्यात प्लास्टर ओतावं लागतं. सुकलं की आक्रसतं, मग कवळी नीट बसत नाही. दोन्ही वेळा ते सुकलं. फोनमुळे, असं ती म्हणाली आणि मला ते पटलं, कारण रोज तिच्या कामाच्या खोलीत बसून बघतच होतो. ती प्लास्टर कालवायला घ्यायची, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. झालं का? एकच मिनिट म्हणून ती तो घ्यायची, मग आलेले निरोप वाचायची, मग कुणाच्या तरी नातवाचे फोटो बघायची. तोवर वाटीत दगड. दिवसाला पाच-सहा वाट्या खरवडायची आणि वर म्हणायची, मरायला फुरसत नाही.

दुसरं माप वाया गेलं तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवशी तिने फोन एका रिकाम्या डब्यात घातला आणि डबा शेजारणीकडे ठेवून आली. दुपारच्या आत डॉक्टर तणतणत हजर. काम दुसरीकडे देईन म्हणाले.

"द्या खुशाल," हातातलं काम न थांबवता ती म्हणाली. "तुम्ही दर तासाला विचारता म्हणूनच उशीर होतो. पाच वाजता मीच फोन करीन. त्याआधी मी कुणाला सापडणार नाही."

डॉक्टर आल्या पावली परत गेले. निवृत्तीपासून माझी जागा तिथल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. मी म्हटलं, बरी जिरवलीस. आणि त्याच खुशीत आमच्या बस डेपोतल्या साहेबाचा किस्सा सुरू केला.

तिने हात पुसले.

"दादा, फोन डब्यात घालता येतो. तुझं काय करू?"

"माझं काय?" मी विचारलं.

"तुझी दोन्ही मापं तुझेच किस्से ऐकताना सुकली. मी फोनचं नाव पुढे केलं, तुला सांगायला जीव होत नव्हता. आता ऊठ. कवळी झाल्याशिवाय इथे यायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं बस चालवली, मला सीटवरून उठवायची कुणाची छाती झाली नाही. आयुष्यात तिची पायरी चढणार नाही असं ठरवून निघालो. तिसरं माप मात्र डॉक्टरांकडे देऊन आलो. दात हवे होते. सकाळचं काय करायचं ते कळेना, म्हणून बायकोच्या मागे मागे फिरायचो. तिनेही दोनदा हाकललं.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी कवळी बसवली. डावीकडे टोचत होती, ते म्हणाले, बहिणीकडून घासून आणा. गेलो. तिने कड घासली, कवळी माझ्या हातात दिली.

"घाल आणि काहीतरी बोलून दाखव."

अकरा दिवसांचं बोलणं तुंबलं होतं. डॉक्टरांबद्दल, बायकोबद्दल, रविवारी येणाऱ्या मुलीबद्दल. टेबलावर सहा जणांच्या जबड्यांची ओली मापं रांगेत होती.

"येतो," मी म्हणालो आणि उठलो.