ज्याचं केळवण, तो जातो

पूर्वी केळवण लग्नाचं असायचं, फार तर मुंजीचं. आता व्हिसाचंही असतं. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली, आम्हा चौघांचे व्हिसा आले आणि नातेवाइकांच्या अंगात आलं. ज्यांनी इतक्या वर्षांत कधी साध्या चहाला बोलावलं नव्हतं, ते फोन करून भांडायला लागले, की आधी आमच्याकडे जेवायचं, मग त्यांच्याकडे. मी म्हणायची, अहो, घर आवरतोय, खोक्यांतून चालायला वाट नाही. तर म्हणे, म्हणूनच ये, तुझा स्वयंपाक तरी सुटेल. सुटतोय कसला! साड्यांना इस्त्री करा, दोन मुलांना सजवा, कुणाकडे कुठली साडी नेसले होते ते लक्षात ठेवा, कारण सगळे फोटो शेवटी एकाच ग्रुपवर जाऊन पडतात.

सुरुवात गंगापूर रोडच्या चुलत नणंदेनं केली. तिनं केळवणाची सजावट भाड्यानं आणली होती. मागे कापडी केळीची पानं, पुढे प्लॅस्टिकचा झेंडू आणि मधोमध थर्माकोलचं एक विमान, त्याला तोरण बांधलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पदरात दोन मुलं, आणि मला म्हणे उखाणा घे. जर्मनीला यमक सुचेना, तेव्हा तिनंच मोबाइलवर एक तयार उखाणा शोधून माझ्या हातात दिला. मी तो वीजबिल वाचावं तसा वाचला. मग नवऱ्यानं मला घास भरवायचा, मी नवऱ्याला. तेही दोनदा, कारण पहिल्यांदा त्याचे डोळे मिटले होते.

आणि वाढताना ते वाक्य. ते मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे वाढणारी जवळ आली की मीच ते मनातल्या मनात आधी म्हणून घ्यायची. "पोटभर जेवा हं, तिकडे हे मिळायचं नाही." हे म्हणजे काय? त्या दिवशी हे म्हणजे पनीर टिक्का आणि हॉटेलातून मागवलेले गुलाबजाम होते. आम्ही ज्या गावी जाणार होतो तिथे भारतीय किराण्याची दोन दुकानं आहेत, अळूची पानंसुद्धा मिळतात, असं मी एकदा सांगून बघितलं. सगळ्यांचे चेहरे पडले. उपाशी मरायला निघालेल्या माणसांना जेवू घालण्याचं पुण्य मी त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. पुन्हा सांगायच्या भानगडीत पडले नाही.

सगळीकडे आमच्याबरोबर सासरेही असायचे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. जर्मनीला ते येणार नव्हते. तिकडच्या नियमात त्यांना कायमचं नेणं बसत नव्हतं, आणि बसलं असतं तरी "मला तिथं कोण ओळखतंय?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला असता. खालच्या मजल्यावरच्या बाई डबा देणार, माझी सख्खी नणंद पुण्याहून अधूनमधून येऊन जाणार, अशी सोय लावली होती. सोय हा शब्द त्या दिवसांत आम्ही फार वापरला. एकट्या म्हाताऱ्या माणसाला मागे सोडून जातोय असं म्हणायला जीभ रेटत नाही, तिथे तो फार उपयोगी पडतो.

तर त्यांना घरी ठेवून जेवायला जाणार कसं? म्हणून तेही येत. यजमानीण पाच ताटं मांडायची, पाचही ताटांभोवती रांगोळी काढायची, पाचही जणांना ओवाळायची. एकट्याच्याच ताटाला रांगोळी नाही हे बरं दिसत नाही, आणि फोटोत तर मुळीच दिसत नाही. सासरे मजेत जेवायचे. खिशात मधुमेहाची गोळी, वाटीत बासुंदी. मला मनातून राग यायचा. माणूस एकटा पडणार आहे आणि चौकशी कसली करतोय, तर अळूवडी उरली आहे का याची!

पण खरी पंचाईत वेगळीच झाली होती. आमची मुलगी सहा वर्षांची. आदल्या वर्षी तिच्या आत्याचं, म्हणजे माझ्या सख्ख्या नणंदेचं, लग्न झालं. तेव्हा केळवणात एकट्या आत्याच्याच ताटाभोवती रांगोळी का, म्हणून तिनं भोकाड पसरलं होतं. सासऱ्यांनी तिला मांडीवर घेऊन समजावलं होतं, "अगं, ज्याचं केळवण असतं, तो जातो. म्हणून त्याला रांगोळी. आपण कुठं जाणार आहोत का?" तिला ते पटलं. आत्या खरोखरच गेली, त्यामुळे ते तिच्या दृष्टीनं सिद्धही झालं. आता घरोघर आजोबांच्या ताटाभोवती रांगोळी होती, आजोबांना ओवाळलं जात होतं. म्हणजे आजोबा येणार. त्यात विचारण्यासारखं तिला काही वाटलंच नाही.

मला हे कळलं ते तिची छोटी बॅग उघडली तेव्हा. बाहुलीच्या शेजारी सासऱ्यांची कानटोपी, लोकरीचे मोजे आणि दाढीचा ब्रश होता.

"आजोबा विसरतात ना, म्हणून मीच भरलं," ती म्हणाली. "तिकडे खूप थंडी असते."

मी म्हणाले, "बरं." दुसऱ्यांच्या पनीर टिक्क्याला नावं ठेवणाऱ्या माझ्या तोंडून एवढंच निघालं.

नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो बॅगा वजनकाट्याला टांगून बघत होता. काट्यावरची नजर न काढता म्हणाला, "विमानतळावर सांगू. नाहीतर तिथं पोचल्यावर. मुलं विसरतात गं."

मुलं विसरतात! हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं, त्याला मुलं नसणार. आमची मुलगी तीन वर्षांची असताना माझ्या भावानं तिचा फुगा गमतीनं फोडला होता. तो मामा आजही घरी आला की ती आधी त्याचे हात बघते. पण नवऱ्याचं मत असं की विमानात कार्टून लावून दिलं की सगळं सुरळीत होईल. नणंदेनं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला, मुलांना मोठ्या बदलासाठी कसं तयार करावं, असा. त्यात एक बाई प्रसन्न हसत सांगत होत्या की मुलांशी मोकळेपणानं बोला. मोकळेपणानं नेमकं काय बोलायचं, हे विचारायला त्या बाई काही माझ्या स्वयंपाकघरात उभ्या नव्हत्या. मी व्हिडिओला अंगठा पाठवून दिला.

मग चांदवड. तिथे नवऱ्याची मावशी राहते, माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. घराला लागून कांद्याची चाळ, अंगणात दोन शेळ्या. तिच्याकडे ना थर्माकोलचं विमान, ना उखाणा. पुरणपोळी, आमटी, भात, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तरी रांगोळी मात्र पाचही ताटांना होती, आणि ते वाक्यही होतंच. "पोटभर खा गं पोरी, तिकडं काय हे मिळायचं नाय."

वाढता वाढता ती सासऱ्यांपाशी थांबली आणि सरळ विचारती झाली, "आन् दाजी, तुमचं कसं? एकलेच ऱ्हाणार का आता?"

आमच्या शहरातल्या शहाण्यांनी महिनाभर जे तोंडातून काढलं नव्हतं, ते या बाईनं आमटीच्या पळीबरोबर विचारून टाकलं. सासरे काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आजोबा आमच्याबरोबर येणारेत. त्यांचं पण केळवण झालं ना. सगळीकडे झालं."

सगळे हसले. लहान मुलं बोलली की मोठी माणसं हसतात, त्यात विचार करावा लागत नाही. नवऱ्यानं मान खाली घालून पोळीवर तूप ओतून घेतलं, आधीच तुपानं थबथबलेल्या पोळीवर. मावशी तेवढी हसली नाही. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "पोरीला सांगेल नाय का अजून?" मी भात कालवत राहिले. सासऱ्यांकडे बघितलं, तर त्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवली होती. ताटात काही टाकलेलं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना शहरात शिरताच द्वारका चौकात गाड्या तुंबल्या, तशा त्या रोजच तुंबतात. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता. मागे आजोबा आणि नात. बराच वेळ गाडी हलली नाही, आणि तेव्हा मागून प्रश्न आला.

"आजोबा, तुमचं केळवण झालं ना?"

नवऱ्यानं रेडिओचा आवाज मोठा केला. त्याच्या अंबडच्या कारखान्यात म्हणे मशिन बिघडलं की सगळे आधी यालाच बोलावतात.

"रेडिओ बंद कर रे," सासरे म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "एक राहिलंय अजून. रविवारी. माझ्याकडे."

"तुमच्याकडे म्हणजे आपल्याकडेच?"

"हो. पण करणार मी. तुम्हाला आमंत्रण."

मुलगी खूश झाली. मी मात्र चिडले. एवढी केळवणं कमी पडली म्हणून आता घरातही! तिला उगाच आणखी पक्कं वाटेल, आणि ते मोडायचं काम पुन्हा माझ्यावर येईल. घरी आल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. सासरे म्हणाले, "तू काही करू नकोस. मी बघतो."

त्यांना एकच पदार्थ येतो, मुगाची खिचडी. सासूबाईंच्या आजारपणात शिकले होते. मुगाची डाळ तिकडच्या त्या दोन्ही दुकानांत मिळते, ती मी आधीच बघून ठेवली होती. रविवारी सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, पापड भाजले, कोपऱ्यावरून जिलबी आणली. डायनिंग टेबल विकून झालं होतं, त्यामुळे जमिनीवर बसणं भागच होतं. त्यांनी हाक मारली म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत गेलो.

मला दारातूनच दिसलं. ताटं चार होती.

रांगोळी काढायचा त्यांना सराव नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या कचेरीत कागदावर समास आखले, तशाच सरळ रेघा त्यांनी चारी ताटांभोवती आखल्या होत्या. आम्ही बसलो. त्यांनी निरांजन लावलं आणि स्वतः आम्हाला ओवाळलं. पुरुषानं असं ओवाळावं की नाही, यावर गंगापूर रोडला नक्की वाद झाला असता. धाकट्यानं ज्योत फुंकायला तोंड पुढे केलं, ते मी धरलं.

मुलगी इकडेतिकडे बघत होती. "आजोबा, तुमचं ताट?"

"मी यजमान. यजमान वाढतो."

"मग तुम्ही नंतर बसाल, तेव्हा मी रांगोळी काढीन."

सासरे तिच्यासमोर खाली बसले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. "नको बाळा. ज्याचं केळवण असतं, तो जातो. माझं नाहीये. मी इथंच राहणार आहे."

"पण सगळ्यांनी तुम्हाला काढली होती की!"

"ती उगाच काढली त्यांनी. मलाही ते कळत होतं, पण मी बोललो नाही. जेवत राहिलो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तुम्ही चौघं जाणार. मी येणार नाही. आत्ता नाही, नंतरही नाही. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा मी इथं असेन."

मला वाटलं, आता ती रडेल. तिला उचलून घ्यायला मी अर्धी उठलेही होते. नवरा ताटाकडे बघत होता. ती रडली नाही. तिनं आजोबांच्या तोंडाकडे बघितलं, मग दाराशी रचून ठेवलेल्या बॅगांकडे. मग आपल्या ताटाभोवतीच्या रेघा तळहातानं पुसून काढल्या, चारही बाजूंच्या, नीट. ताट उचलून ओट्यावर ठेवून आली. येताना तिच्या हातात खिचडीचा डाव होता आणि पाठोपाठ, काठाला धरून ओढत आणलेलं पातेलं.

"मी पण यजमान," ती म्हणाली.

"अगं, असं नसतं, बस बघू तू," नवरा म्हणाला. सासऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि मग ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते. अळूवडीची चौकशी करणारा माणूस म्हणून मी त्यांना महिनाभर मनात बोल लावले होते, त्याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली.

तिनं धाकट्याला वाढलं. बाबांना वाढलं. मग पातेलं फरपटत माझ्यापर्यंत आणलं, डावभर खिचडी माझ्या ताटात घातली, थोडी रांगोळीवर सांडली. एक हात कमरेवर ठेवला आणि सगळ्या आत्या-मावश्यांच्या थाटात, अगदी त्याच सुरात म्हणाली,

"पोटभर जेव हं आई. तिकडे हे मिळायचं नाही."