बेटावरची बारमाही सोय

आमच्या ग्रामपंचायतीने दरवर्षी प्रगती केली. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती प्रगती सलग चार वर्षं माझ्याच हातून कागदावर उतरली.

सोलापूरहून एस.टी.ने निम्मा दिवस खाल्ला की ते भीमाकाठचं गाव यायचं. गावासमोर नदीचे दोन फाटे होत आणि मधे एक बेट राही. बेटावर वीसेक घरांची वस्ती आणि एकशिक्षकी शाळा. तो एक शिक्षक मी. राहायला गावात, शिकवायला बेटावर. ग्रामसेवकाकडे तीन गावं होती आणि लिहिण्याचा कंटाळा होता, म्हणून मार्च आला की वार्षिक अहवाल माझ्या गळ्यात पडे. मीही तो आनंदाने पडू देई. सरपंचाचे मेहुणे जिल्हा परिषदेत होते, बायको-मुलं सोलापुरात होती आणि मला बदली हवी होती. उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू?

उन्हाळ्यात अलीकडचा फाटा आटायचा आणि माणसं वाळूतून चालत गावात यायची. पावसाळ्यात मात्र येण्या-जाण्याला एकच साधन होतं, सरपंचाच्या गुऱ्हाळातली काहील. गूळ कढवायची ती भलीमोठी पसरट लोखंडी कढई. पाऊस लागला की ती पाण्यात सोडायची. आत दहा-बारा माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि दोघं पोहणारे कड धरून ती ढकलत न्यायचे. पहिल्या खेपेला माझं डोकं गरगरलं होतं. पुढे सवय झाली. दसरा झाला की काहील घासूनपुसून पुन्हा चुलाणावर चढायची, कारण गुऱ्हाळाचा हंगाम सुरू व्हायचा. तोवर पाणी बहुतेक उतरलेलं असे. बहुतेक.

पहिल्या वर्षी मी अहवालात इमानदारीने लिहिलं होतं, ‘बेटावरील वस्तीस होडीची नितांत गरज आहे.’ ग्रामसेवकाने त्यावर आडवी रेघ मारली. “गुरुजी, हा प्रगतीचा अहवाल आहे. रडगाणं कुणी वाचत नाही.” मग त्याने सांगितलं आणि मी लिहिलं, ‘बेटाशी दळणवळणाची बारमाही सोय ग्रामपंचायतीने केली आहे.’ बारमाही हा शब्द त्याचा नव्हे, माझा. नुसतं ‘सोय’ मला ओकंबोकं वाटलं. पुढल्या एप्रिलमध्ये बीडीओसाहेब आले, कोरड्या वाळूतून बूट न काढता बेटावर गेले आणि म्हणाले, “छान सोय आहे की!” सगळे हसले. मीही हसलो.

चौथ्या वर्षी, श्रावणात, वस्तीवरची एक सून शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. ती सोलापूरच्या गिरणी कामगाराची मुलगी, चौथी पास. काहिलीत बसायची तिला भयंकर भीती वाटे. ती पहिलटकरीण होती.

“गुरुजी, होडीचं तेवढं लिव्हा की. दिवाळीच्या आत माजे दिवस भरत्यात. तवा काहील गुऱ्हाळावर असती.”

“लिहिलेलंच आहे,” मी म्हणालो.

“आमचे वडील म्हंत्यात, लिहून दिल्याबिगर काय मिळत न्हाय.”

तिची सासू मागे उभी होती. दुपारची भाकरी मला तिच्याच घरून यायची. ती म्हणाली, “अगं, गुरुजी सांगत्यात न्हवं? चल.”

दसरा झाला. काहील चुलाणावर चढली. आणि मग परतीचा पाऊस असा कोसळला की दोन्ही फाटे दुथडी भरले. शाळा बंद पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा आणि दीर कमरेला भोपळे बांधून पोहत अलीकडे आले. तिला पहाटेपासून कळा सुटल्या होत्या, मूल अडलं होतं. तिला अलीकडे आणून बैलगाडीने दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून काहील हवी होती.

मी त्यांच्याबरोबर गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस उकळत होता. सरपंच वाईट माणूस नव्हता. त्याने लगेच बैलगाडी जुंपायला सांगितली, पोरीची चौकशी केली. फक्त म्हणाला, “एवढं आधण उतरू द्या. अर्धा कच्चा रस कुटं वतायचा? आन् तापलेल्या काहिलीत माणूस तरी कसं बसवायचं?” बोलणं खोटं नव्हतं. नवरा हात जोडून उभा होता, त्याच्या अंगावरचं पाणी निथळत होतं. एकानेही चूल विझवा म्हटलं नाही. मी म्हणायला हवं होतं. गावात माझ्या शब्दाला मान होता. पण त्याच आठवड्यात सरपंचाने माझ्या बदलीचं मेहुण्यांच्या कानावर घातलं होतं. गुळव्याने पानावर ऊन ऊन गूळ दिला तो मी घेतला. आणि खाल्ला. आजही कुणी गुळाचा खडा पुढे केला की मला स्वतःची शिसारी येते.

आधण उतरलं, काहील निवली, ओढत नदीवर नेली. ती पलीकडे टेकली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाई वाचली. मुलगी मेलेलीच जन्मली होती.

मार्चमध्ये ग्रामसेवक छापील नमुना घेऊन आला. मी धीर करून म्हणालो, “यंदा ते बारमाही काढू या.”

“गेल्या वर्षी होती ती सोय यंदा नाही, असं कळवायचं? ही प्रगती झाली का?” तो हसला. मग खाली बोट ठेवलं. “बालमृत्यू?”

“बेटावर एक.”

“रडलं होतं का मूल?”

“नाही.”

“मग ते जन्मलंच कुठं? लिहा, निरंक.”

मी निरंक लिहिलं. खाली रेघ ओढली. आमच्या पंचायतीचा अहवाल त्या वर्षी तालुक्यात नावाजला गेला.

चैत्रात फाटा आटल्यावर ती पुन्हा शाळेच्या दारात आली. फार वाळली होती. मुलं पाढे म्हणत होती, तिने ते संपेपर्यंत वाट पाहिली.

“गुरुजी, अहवाल गेला का वर?”

“गेला.”

“त्यात माज्या पोरीचं लिव्हलं का?”

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि त्या मी आयुष्यभर जपल्या असत्या.

“लिहिलं,” मी म्हणालो.

तिने डोळ्यांना पदर लावला. मग वळून वाळूत थांबलेल्या सासूला मोठ्याने म्हणाली, “लिव्हलंय म्हंत्यात. आता होडी देतील की.”

जूनमध्ये माझी सोलापूरला बदली झाली.