आमच्या यांनी पुस्तक वाचलं

आमचे हे छापखान्यात मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची पानं तपासून चुका काढणारे. छापखान्यात यांना सगळे ‘गाळणी’ म्हणत, कारण यांच्या हातून चूक म्हणून निसटत नसे. वरवर चिडायचे, पण फोनवर कुणी “गाळणीसाहेब आहेत का?” असं विचारलं की चेहरा कसा खुलायचा ते मी पाहिलंय.

लोकांना वाटायचं, मोठा वाचलेला माणूस असणार. कसलं काय! जन्मभर पुस्तकांच्या ढिगात बसून या माणसानं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. पद्धतच तशी. पानावर लाकडी पट्टी ठेवायची, एकच ओळ उघडी ठेवायची आणि एकेक शब्द सुटा करून बघायचा. वाक्य काय म्हणतंय तिकडे ढुंकून पाहायचं नाही. “अर्थात शिरलं की चूक निसटते,” हे म्हणत. मी विचारायची, “आज कसलं पुस्तक आलंय?” तर उत्तर यायचं, “जाड.” एकदा एक रहस्यकथा कितीतरी दिवस यांच्या टेबलावर होती. न राहवून मी विचारलं, “अहो, शेवटी खून केला कुणी?” तर म्हणाले, “कुणाचा खून?”

अशा माणसाच्या हातात त्या लेखिकाबाईंचं पुस्तक आलं. बाई म्हणजे केवढं प्रस्थ! माझी बहीण नवऱ्याचं एक ऐकणार नाही, पण बाईंच्या कादंबरीतलं वाक्यन् वाक्य तिला तोंडपाठ. या वेळी बाईंनी कादंबरी नव्हे, तर लिहायचं कसं यावर पुस्तक लिहिलं होतं. मालकांनी पानांचा गठ्ठा यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “यात चूक राहिली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून तुमच्याकडे देतोय.”

त्यानंतर एका संध्याकाळी हे घरी आले आणि दारातच उभे राहिले. मी भाजी चिरत होते. आत या म्हटलं तरी येईनात.

“अगं, बाई काय लिहितात माहितीये? त्यांच्या एका गोष्टीत बाप कितीतरी वर्षांनी घरी परत येतो. तो दार उघडून आत येतो, एवढंच लिहायचं होतं. जमेना. लिहायचं आणि फाडायचं, असं वर्ष गेलं. मग एक दिवस त्यांना कळलं, तो दार उघडतच नाही. तो दार वाजवतो. स्वतःच्याच घराचं दार वाजवून बाहेर थांबतो.”

माझी सुरी हातातच राहिली. एका साध्या दारात एवढं काय काय असतं! आणि हे सांगताना यांचे डोळे भरले होते. माझ्या बापाच्या तेराव्याला… नाही, ते जाऊ दे. एवढंच सांगते, की हे रडणाऱ्यातले नाहीत.

मग रोजच सुरू झालं. बाई म्हणतात, लिहिलेलं मोठ्यानं वाचावं आणि कुठे आपला आवाज आपोआप खाली येतो ते बघावं, तिथे आपण खोटं लिहिलेलं असतं. बाई म्हणतात, रागावलेल्या माणसाचं बोलणं लिहू नका, तो कपाट कसं बंद करतो ते लिहा. त्या दिवसापासून मी कपाटाला हात लावला की हे माझ्याकडे बघत बसायचे. जेवताना यांच्या हातातला घास हातातच राहायचा. मला हेवा वाटला, खरं सांगते. कुठल्यातरी खोलीत बसून एका बाईनं कागदावर शाई उमटवली आणि माझ्या घरातला दगड बोलायला लागला. ही काय ताकद म्हणायची? मी रोज संध्याकाळची वाट पाहू लागले.

पण माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही, की पुस्तक यांना कळतंय, तर चुका कोण काढतंय?

पानं छपाईला जाण्याआधी एकदा बाईंनी नजर घातली. एक अख्खा परिच्छेद दोनदा आलेला. एका पानावर दोन ओळी गायब. एका प्रकरणाला मथळाच नाही. मालकांचा घरी फोन आला. यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले.

“उद्या बाई स्वतः येणारेत. मालक म्हणाले, त्यांच्यासमोर काय ते सांगा, मग तुमचं काय करायचं ते ठरवू.” मग म्हणाले, “मी वाचत बसलो गं.” चोरी कबूल करावी तसा आवाज. “ती खुर्ची गेली तर माझं उरतं काय?”

मला बाईंचा असा राग आला! भल्या माणसाला नादाला लावलं आणि आता त्याचीच झाडाझडती. दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या आणि यांच्याबरोबर निघाले. हे नको म्हणाले नाहीत.

छापखान्यात शाईचा वास, कागदाचे गठ्ठे, आणि मधे मालकांचं टेबल. बाई ठेंगण्या, साध्या. मालक हात जोडून म्हणत होते, “वय झालंय हो त्यांचं. आता घरीच बसवतो.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या टेबलावर पानं मांडत होत्या.

सुरुवातीची पानं यांच्या लाल खुणांनी भरलेली. मग दाराची ती गोष्ट आली आणि तिथून पुढे पानं कोरी. पानामागून पान, एक खूण नाही.

“इथे तुम्ही काय करत होतात?” बाईंनी विचारलं.

“वाचत होतो,” हे म्हणाले. “पट्टी बाजूला ठेवली होती. चूक झाली माझी.”

बाई पुढची पानं मांडत गेल्या. मग एका प्रकरणात पुन्हा लाल खुणा दिसल्या. स्वल्पविरामसुद्धा सुटला नव्हता.

“आणि इथे?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोला काहीतरी गोड, नोकरीचा प्रश्न आहे! पण या माणसाला खोटं बोलता आलं असतं तर आणखी काय हवं होतं.

“इथे… इथे मला पुन्हा चुका दिसायला लागल्या.”

“का?”

“वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून असेल.”

मालकांनी कपाळाला हात लावला. बाई हळूच खुर्चीत बसल्या. त्यांनी ते प्रकरण उचललं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं.

“हे मी उरकलंय,” त्या म्हणाल्या. “पुस्तक संपवायची घाई झाली होती. मला माहीत होतं. किती जणांना वाचायला दिलं, सगळे वाहवा म्हणाले. मला वाटलं, खपलं.” मग मालकांना म्हणाल्या, “छपाई थांबवा. हे मी पुन्हा लिहिणार. यांना कुठेही घरी बसवायचं नाही.”

मी सुटकेचा श्वास टाकते तोच आमचे हे म्हणाले, “नको बाई. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. माझा आता उपयोग नाही. काल साबणाची जाहिरात तपासायला घेतली, तर त्यातली बाई एवढी का हसतेय याचाच विचार करत बसलो.”

मालक हसले, बाई हसल्या. मला मात्र भडभडून आलं. ज्या कामावर या माणसाचा जीव, ते यानं आपणहून सोडलं होतं, आणि चेहऱ्यावर दुःख म्हणून दिसत नव्हतं. मालकांनी यांना पुढच्या काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं. तिथे हे अजून बसतात.

पुढे एका दुपारी आमचं दार वाजलं. बाई उभ्या होत्या, हातात नव्यानं लिहिलेलं ते प्रकरण. पानं यांच्या हातात दिली आणि माझ्याशेजारी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी चहा केला. त्यांनी कपाला हात लावला नाही. उघड्या दारातून त्या यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. एवढी मोठी बाई, जिच्या शब्दावर लोक जीव टाकतात, आणि तिनं माझा हात घट्ट धरला होता.

यांनी शेवटचं पान उलटलं. मागे काहीच नव्हतं. ते पान उलटसुलट करून पाहिलं, मग टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि वर बघून बाईंना म्हणाले,

“पुढे?”